'फ्युजन'चं सोडा, आधी 'वळला'चं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्राझीलच्या सों इमाजिनारिउ या बँडवर मराठीत लेख लिहिताना "हा ज्येष्ठ बँड प्रोग्रेसिव्ह रॉककडून जॅझ फ्युजनकडे वळला" असं वाक्य तयार झालंय (प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या बांधणीचं रॉक), आणि त्यातला 'फ्युजन' खटकतोय. मिश्रण, मिलाफ, संगम यातलं काय घालू?

माझं मत विचाराल तर काहीच घालू नका, फ्युजन राहू द्या. ते जॅझ आणि रॉक मिसळून झालेल्या संगीतप्रकाराचं नाव आहे आणि नावाचं भाषांतर करत बसलं की वाचणाऱ्याला कळतच नाही आपण कशाबद्दल बोलतोय. 'जॅझ-संमीलन' लिहून बघा एकदा, विज्ञानाच्या पेपरातला पाच मार्कांचा प्रश्न वाटतो. आणि परक्या शब्दाचा एवढा संकोच तर काजू खाताना पण यायला हवा, कारण काजू हा शब्द मूळचा ब्राझीलच्या तुपी लोकांचा, पोर्तुगीजांच्या जहाजातून फळासकट गोव्याला उतरला. अननस पण तिकडचाच. त्यांना कुणी शुद्ध मराठी प्रतिशब्द मागितल्याचं ऐकलं नाही.

तरी तुम्ही दिलेल्या तीन शब्दांबद्दल बोलूच, कारण तिघांचा अर्थ सारखा नाहीये. मिश्रण हा दुकानातला शब्द, खत आणि औषधाचा, त्यात कोण किती टक्के एवढंच समजतं. मिलाफमध्ये दोघं आपापली ओळख ठेवून एकत्र येतात, कार्यक्रमपत्रिकेत बरा दिसतो, पण आता इतका घासलाय की "सूर-तालाचा अनोखा मिलाफ" वाचलं की मी पुढचं वाचतच नाही. संगम मात्र मजेशीर आहे, कारण संगमानंतर काय होतं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं. कराडला कोयना कृष्णेला मिळते आणि पुढे नाव फक्त कृष्णेचं उरतं. पुण्यात मुळा आणि मुठा भेटतात आणि पुढे दोघींचं नाव जोडीनं चालतं, मुळा-मुठा. सत्तरच्या सुरुवातीला याच संगीताला लोक जास्त करून 'जॅझ-रॉक' म्हणायचे, म्हणजे मुळा-मुठा पद्धत, आणि नंतर नुसतं 'फ्युजन' रुळलं ज्यात दोघांचीही नावं गेली. अशी सोय आपल्या नद्यांमध्येही आहे, वर्धा आणि वैनगंगा भेटतात आणि पुढे प्राणहिता होते.

आता खरं दुखणं. तुमच्या वाक्यात चुकलाय तो 'वळला'.

वळणं म्हणजे आधी एका दिशेला चाललो होतो, मग मान फिरवली, पाय फिरवले आणि नव्या दिशेला लागलो. या बँडच्या बाबतीत असं झालं का ते बघू. बँड 1970 साली मिल्टन नासिमेंतु या गायकाला साथ करायला जमला, त्या शोचं नावच "मिल्टन नासिमेंतु, अरे हो, आणि सों इमाजिनारिउ" अशा अर्थाचं होतं (हा 'अरे हो' मला फार आवडतो, साथीदारांना इतक्या प्रेमाने कुणी विसरलेलं नसेल). त्याच वर्षी त्यांची स्वतःची पहिली रेकॉर्ड आली. त्यात गाणी आहेत, फझ गिटार (मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची) आहे, ऑर्गन आहे, हिप्पी वारं आहे, एका गाण्याचं नाव तर चक्क 'नेपाळ'. 1971 ला दुसरी. आणि 1973 ला तिसरी, 'मातांसा दु पोर्कु', जिच्यात गाण्याचे शब्द जवळजवळ गायबच झालेत, पियानो आणि कीबोर्ड पुढे आलेत, 'आर्मिना' नावाची धून जाऊन परत येते, आणि ज्याला लोक फ्युजन म्हणतात ते हे.

तीन वर्षांत एवढा फरक, मग वळलाच की, असं वाटेल. पण मधल्या काळात काय झालं, तर झे रोद्रिक्स हा गाणी लिहिणारा-गाणारा माणूस 1971 ला निघून गेला आणि त्याने सा आणि ग्वाराबिरा या दोघांबरोबर वेगळी चूल मांडली, पुढे फ्रेदेरा हा गिटारवाला पण गेला. मागे राहिले वाग्नेर चीझू कीबोर्डवर, तावितु गिटारवर, लुइझ आल्विस बासवर आणि रोबेर्चिन्यु सिल्वा ड्रमवर. सूत्रं आली चीझूकडे. आणि हा चीझू मूळचा रॉकवाला नव्हताच! मिनास जेराइस राज्यातल्या त्रेस पोंतास नावाच्या गावात तो आणि मिल्टन एकत्र वाढले, साठच्या दशकात बेलु ओरिझोंची शहरातल्या क्लबात दोघं मिळून जॅझ आणि बोसा नोवा (सांबावरून आलेला ब्राझीलचाच एक संथ संगीतप्रकार) वाजवायचे, मिल्टन तर तेव्हा चक्क बास वाजवायचा. म्हणजे रॉक हेच मधलं वळण होतं. त्यामुळे मी असतो तर 'वळला' न लिहिता 'परतला' लिहिलं असतं, निदान चीझूपुरतं तरी. बाकी बँडपुरतं 'उरला' सुद्धा चालेल, गाणारे गेले आणि वाजवणारे उरले.

बरं, 'परतला' जड वाटत असेल तर आपल्या शास्त्रीय संगीतात यासाठी एक फार कामाचा शब्द आधीपासून आहे, आणि तो कुणालाच आठवत नाही कारण तो फारच साधा आहे. अंग. ख्याल अंग, ठुमरी अंग, गायकी अंग. विलायत खाँसाहेब सतार गायकी अंगाने वाजवायचे असं आपण म्हणतो तेव्हा सतारीचं गाणं झालं असं कुणी समजत नाही, सतार सतारच राहते पण तिची चाल, मींड, श्वास घ्यायची जागा गळ्यासारखी होते. तिसऱ्या रेकॉर्डवर अगदी हेच झालंय. रॉकचा ऑर्गन, रॉकची गिटार, लांबलचक बांधणी तशीच, पण वाजवणं जॅझच्या अंगाने. "बँड जॅझच्या अंगाने वाजवू लागला." बघा, वळला नाही, सरकला नाही, झुकला नाही, संक्रमण बिंक्रमण तर अजिबात नाही.

जाता जाता, रागांच्या जुन्या वर्गवारीत शुद्ध, छायालग आणि संकीर्ण असे तीन शब्द आहेत. छायालग म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्या रागाची छाया पडलीय तो, संकीर्ण म्हणजे ज्यात बरेच राग मिसळलेत तो. त्या हिशोबाने 1970 चा बँड छायालग आणि 1973 चा संकीर्ण म्हणता येईल. पण लेखात 'संकीर्ण' वापरू नका, आज मराठीत त्याचा अर्थ 'किरकोळ, इतर' असा झालाय आणि लोकांना वाटेल की बँड कुठल्यातरी उरलेल्या रकान्यात टाकलाय.

शब्द गायब होण्याबद्दल अजून एक, कारण ही शब्दचर्चाच आहे. त्याच 1973 मध्ये मिल्टनची 'मिलाग्रि दुस पेशिस' ही रेकॉर्ड आली, साथीला हीच मंडळी. ब्राझीलमध्ये तेव्हा लष्करी राजवट होती, सेन्सॉरने तिच्यातल्या काही गाण्यांचे शब्द कापले. मिल्टनने चाली तशाच ठेवल्या आणि नुसत्या आवाजात गायल्या. याला इंग्रजीतून उचलून 'शब्दविरहित गायन' लिहायची गरज नाही, आपल्याकडे आकार आहे (नुसत्या 'आ'वर गाणं), आलापी आहे. मात्र सेन्सॉरमुळेच बँड वाद्यसंगीतात गेला असं कारण लावू नका, 'मातांसा'चं सरळ कारण वर दिलंय. 'मातांसा'च्या शीर्षक-तुकड्यात पण मिल्टनचा असाच आकार आहे, ऐका.

पुढे 1975 ला वेदर रिपोर्ट या फ्युजन बँडमधल्या वेन शॉर्टर या सॅक्सोफोनवाल्याने मिल्टनला घेऊन 'नेटिव्ह डान्सर' काढली तेव्हा त्यात चीझू आणि रोबेर्चिन्यु दोघं आहेत. म्हणजे ज्याच्याकडे हे वळले म्हणता तो फ्युजनवाला अमेरिकन माणूसच यांच्याकडे आला. तिथे 'वळला' लिहा हवं तर, शॉर्टरसाठी.

'ज्येष्ठ' पण काढा. ज्येष्ठ माणूस असतो, नागरिक असतो, बँड जुना असतो किंवा मुरलेला. आणि 1973 मध्ये तर हा बँड जेमतेम तीन वर्षांचा होता.

नावांचे उच्चार मी ब्राझीलच्या पद्धतीने लिहिलेत. तिकडे शेवटचा ओ उ होतो आणि ति ची होतो, म्हणून टिसो नाही चीझू. अक्षराच्या शेवटी येणारा ल पण उ सारखा होतो, मग तो शब्दाच्या मध्ये का असेना, त्या न्यायाने मिल्टनला मिउतों म्हणायला हवं, पण तेवढं धाडस मलाही झालं नाही, मिल्टनच ठेवलंय.

राहिलं रेकॉर्डचं नाव. 'मातांसा दु पोर्कु'चं 'डुकराची कत्तल' करू नका, कत्तल म्हटलं की दंगल, लढाई नाहीतर कत्तलखाना आठवतो. गावाकडे आपण बोकड कापला, बकरं पडलं म्हणतो, तो घरगुती सूर हवा. मी 'डुक्कर कापायचा दिवस' करेन. यापेक्षा बरं कुणाला सुचत असेल तर सांगा, 'दिवस' हा शब्द मी पदरचा घातलाय आणि तो मलाच जरा टोचतोय.