वाचकांचे प्रश्न : चाळिशी ओलांडलेला वीजसंच

प्रश्न : भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राचा २१० मेगावॉटचा संच क्रमांक ३ सुरू झाला १९८२ साली. इतक्या जुन्या संचाचं आयुष्य वाढवायचं म्हणजे नेमकं काय करतात? की नुसती ठिगळं? (एक वाचक, वरणगाव)

उत्तर : वर्षं मोजली तर फसगत होते. संच किती तास चालला, किती तापला आणि कितीदा बंद-चालू झाला, यावर धातूचं वय ठरतं. या आकाराच्या बॉयलरमधून वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअसला बाहेर पडते. एवढ्या तापमानाला दाबाखालचं पोलाद फार सावकाश ताणलं जातं. त्यालाच क्रीप म्हणतात. धातूच्या कणांच्या सीमेवर बारीक पोकळ्या पडतात, पुढे त्या रांगेत येतात आणि शेवटी भेग जाते. म्हणून एक लाख तासांच्या आसपास उर्वरित आयुष्याची तपासणी सुरू होते.

त्यातलं कळीचं काम म्हणजे ठसा, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाची फिल्मवर उतरवलेली नक्कल. हेडर (अनेक नळ्या जोडलेला जाड पाइप) आणि मेन स्टीम लाइन (वाफ टर्बाइनकडे नेणारा मुख्य पाइप) यांच्यावरचं इन्सुलेशन काढून तो भाग आरशासारखा घासायचा, नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या सौम्य मिश्रणाने पुसायचा, अ‍ॅसिटोनने मऊ केलेली फिल्म चिकटवायची, सुकल्यावर अलगद उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. सुट्या पोकळ्या दिसल्या तर संच चालवायचा, पण नजर ठेवून. त्या रांगेत दिसल्या तर पुढची तपासणी अलीकडे घ्यायची. भेग दिसली तर दुरुस्ती किंवा बदल, तिथे तडजोड नाही. पॉलिश घाईत उरकलं तर ओरखडेच पोकळीसारखे दिसतात. आणि सरळ पाइपवर, हात सहज पोचतो तिथे ठसा घेऊन उपयोग नाही. दुखणं असतं वेल्डिंगलगतच्या पट्ट्यात आणि बेंडवर.

वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरच्या नळ्यांत आतून ऑक्साइडचा थर चढतो. तो उष्णता अडवतो, त्यामुळे नळी आणखी तापते. ढोबळ हिशेब असा, की धातू १०-१५ अंश जास्त तापला तर आयुष्य निम्म्यावर येतं. बॉयलरला जाणारं पाणी धुराच्या उष्णतेने आधी तापवणाऱ्या इकॉनॉमायझरची गोष्ट उलटी. आपल्या कोळशात राख बऱ्याचदा ३० ते ४० टक्के, ती नळ्या बाहेरून खाते, विशेषतः भिंतीलगतच्या वळणांवर, कारण तिथे धूर वेगाने निसटतो. तिथल्या नळ्यांची जाडी मोजून शील्ड (संरक्षक पत्रा) बसवावी. बारीक झालेल्या नळीवर वेल्डिंगचा थर चढवणं म्हणजे मात्र खरंच ठिगळ. पुढच्या शटडाउनपर्यंत टिकलं तरी पुष्कळ. अशा वेळी पूर्ण कॉइलच (नळीचं अख्खं वेटोळं) बदलावी. टर्बाइनचा रोटर (फिरणारा भाग) आणि जनरेटरचं इन्सुलेशन मात्र आधी तपासावं. तेच गेलं असेल तर नव्या कॉइलवरचा खर्च पाण्यात.

प्रश्न : दुपारी सौर वीज असते म्हणून संचाचा भार उतरवतात. मग झीज कमीच होत असेल ना? (एक वाचक, सावदा)

उत्तर : कोळसा कमी जळतो, झीज थांबत नाही. जाड ड्रम (बॉयलरमधली पाणी आणि वाफ वेगळी करणारी टाकी) आणि हेडर आतून लवकर आणि बाहेरून उशिरा तापतात-निवतात. रोजच्या चढउताराने त्यांना थकव्याच्या भेगा जातात. भार हळूहळू बदलला तर हा ताण कमी राहतो.

प्रश्न : मे महिन्यात संच पूर्ण भार घेत नाही, तो भुसावळच्या उन्हामुळेच का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : अर्धं खरं. कूलिंग टॉवर कोरड्या हवेत बरा चालतो; जूनमध्ये दमट हवा आली की पाणी नीट गार होत नाही आणि कंडेन्सरचा (टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम पडतो, म्हणजे निर्वात कमी होतो आणि संच कमी भार घेतो. कोरड्या मे महिन्यातही व्हॅक्यूम पडत असेल, तर आधी कंडेन्सरच्या नळ्यांतला क्षार आणि हवेची गळती पाहावी.