दहावीनंतर आयटीआय, पदविका की पदवी?

दहावी झालेल्या मुलाने आयटीआय करावे, पॉलिटेक्निकची पदविका घ्यावी की बारावीनंतर पदवीकडे जावे, आणि यांत वरचे काय, असे आपण विचारले आहे. वरचे-खालचे हे मी पॉलिटेक्निकला प्रवेश घेतल्यापासून ऐकतो आहे. आमच्या मोठ्या काकांनी तर ‘डिप्लोमा म्हणजे डिग्रीला नंबर न लागणाऱ्यांची सोय’ असे चार पाहुण्यांसमोर जाहीर करून टाकले होते.

वास्तविक पदवी कोणी द्यायची हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने ठरते. तो अधिकार विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. म्हणूनच अहमदाबादची आयआयएम ही नामवंत व्यवस्थापन संस्थादेखील २०१७ चा कायदा होईपर्यंत पदविकाच देत असे, आणि तिला काकांनी कधी सोय म्हटल्याचे स्मरत नाही.

भोसरीतील एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात असताना ॲल्युमिनियम हाउसिंगची १०० मिलिमीटरची बोअर (बेअरिंग बसवायची गोल भोके) मशीनवर मापात भरत, पण असेंब्लीत बेअरिंग अडे. पदवीधर साहेबांनी भोक मोजायचे बोअर गेज दोनदा कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला, पाठवले. आयटीआय झालेल्या ऑपरेटरने मात्र मशीनवरून नुकताच उतरवलेला जॉब, म्हणजे तयार भाग, मुकाट्याने माझ्या हातात ठेवला. तो चांगलाच कोमट होता. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) प्रसरण पावते, म्हणजे १५ अंश अधिक तापलेले ते बोअर जवळपास ३५ मायक्रॉन मोठे दिसत होते. जॉब निवू देऊन मोजले, मशीनचा ऑफसेट, म्हणजे मापाची जुळणी, बदलला आणि बेअरिंग बसू लागले. यात वरचा कोण, हे काकांना विचारायचे राहूनच गेले.

वाटा तर कुठेच बंद होत नाहीत. आयटीआयनंतर पदविकेच्या आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दहावीनंतर ३ वर्षे पदविका आणि ३ वर्षे पदवी, किंवा २ वर्षे बारावी आणि ४ वर्षे पदवी; दोन्हीकडे ६ वर्षेच लागतात, फक्त पहिल्या वाटेत मध्येच नोकरीस पात्र होता येते. मुलाला हाताने काम करण्याची आवड असेल तर त्याला खुशाल पॉलिटेक्निकला घाला.

अर्थात सार्वजनिक बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता होण्यास स्थापत्य पदविका चालत असली, तरी महाराष्ट्र अभियांत्रिकी सेवेसाठी पदवी लागतेच. शिवाय खाजगी क्लास ‘डिप्लोमा’ म्हणून जे विकतात, त्यावर थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश मिळत नाही. पैसे भरण्यापूर्वी अभ्यासक्रमास तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता आहे का, हे पाहून घ्यावे.