वाचकांचे प्रश्न : खाडीकाठच्या शाळेची शंभरी

प्रश्न : आम्ही पुण्यात स्थायिक झालेले, दापोली तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या हायस्कुलाचे माजी विद्यार्थी. शताब्दीची स्मरणिका काढायचे काम आमच्याकडे आले आहे. शाळेच्या फलकावर स्थापना १९२६, सापडलेले सर्वांत जुने जनरल रजिस्टर (दाखल मुलांची नोंदवही) १९२९ चे आणि संस्थेच्या नोंदणीच्या कागदावर १९५३. शंभरी कुठून मोजायची?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तिन्ही साले खरी असू शकतात, फक्त ती वेगवेगळ्या गोष्टींची आहेत. १९५३ आधी बाजूला काढा. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. त्याखालचा नोंदणी क्रमांक कोणत्याही जुन्या संस्थेला त्यानंतरच मिळणार. ते नोंदणीचे साल आहे, स्थापनेचे नव्हे.

आता १९२६ आणि १९२९. त्या काळी मराठी चार इयत्ता झाल्या की इंग्रजी पहिली ते सातवी. इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. गावोगावच्या शाळा बहुधा दर वर्षी एक वर्ग वाढवत गेल्या. १९२६-२७ ला इंग्रजी पहिली उघडली असेल, तर १९२९-३० ला चौथी येते, म्हणजे मिडल स्कूल संपून हायस्कूल सुरू. नवे रजिस्टर तेव्हा घातले गेले असण्याची शक्यता मोठी. सातवीचा वर्ग १९३२-३३ चा.

हे ताडून पाहायला रजिस्टरचे पहिले पानच पुरते. पहिला नंबर एक आहे की दोनशे-अडीचशेच्या पुढचा? पुढचा असेल, तर आधीचे रजिस्टर होते आणि ते हरवले आहे. एक असेल, तर ‘कोणत्या इयत्तेत प्रवेश’ आणि ‘पूर्वीची शाळा’ हे रकाने वाचा. पहिल्याच दिवशी तिसरी-चौथीत वीस-पंचवीस मुले दाखल आणि पूर्वीच्या शाळेचा रकाना कोरा किंवा ‘हीच शाळा’, असे दिसले तर खालचे वर्ग आधीपासून भरत होते. मग फलकावरचे साल टिकते. उलट सगळी मुले इंग्रजी पहिलीत दाखल झालेली असतील, तर शाळेची सुरुवात १९२९ ची, आणि फलकावरचे १९२६ कशाचे हे शोधावे लागेल. मराठी शाळेचे, जमिनीच्या बक्षीसपत्राचे, की गावकऱ्यांच्या पहिल्या बैठकीचे?

बक्षीसपत्र दुय्यम निबंधकांकडे आणि जमिनीचा फेरफार तलाठ्याकडे मिळतो. कोकणातल्या अनेक शाळांमागे मुंबईतल्या चाकरमान्यांचे ग्रामस्थ मंडळ असते. त्या मंडळाची इतिवृत्ते आणि वर्गणीची पावतीपुस्तके मुंबईतल्या एखाद्या खोलीत पोटमाळ्यावर पडलेली असतात, ती आधी हुडका. जुन्या कागदात शके असेल, तर चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे आणि जानेवारी ते फाल्गुन ७९. एका वर्षाची चूक बहुतेक वेळा इथेच होते.

पुणेकर म्हणून पहिली धाव पेशवे दफ्तरात घेऊ नका. तिथले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, तुमच्या विषयाचे नाहीत. शिक्षण खात्याची जुनी दफ्तरे मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत. रत्नागिरी-सावंतवाडीचे गॅझेटिअर १८८० चे, म्हणजे तुमच्या शाळेला ते निरुपयोगी. मॅट्रिकची परीक्षा १९४८ पर्यंत मुंबई विद्यापीठाची होती, त्यामुळे पहिल्या तुकडीचा शोध तिथे घ्यावा लागेल. १९४९ पासून एस.एस.सी. सुरू झाली. आणि १९७५ पर्यंतची जुनी एस.एस.सी. अकरावीची होती, हे स्मरणिकेच्या निकालपत्रकात तळटीप म्हणून घाला. नाहीतर आजोबा ‘अकरावी पास’ आणि नातू ‘दहावी पास’ यांत कोण पुढे, यावर संमेलनात वाद ठरलेला.

प्रश्न : आमच्या शाळेची जुनी रजिस्टरे गेल्या पावसाळ्यात भिजली. काही पाने चिकटली आहेत, काहींवर काळे ठिपके आहेत. लॅमिनेशन करून घ्यावे का?
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : करू नका. लॅमिनेशन परत काढता येत नाही आणि आतला दमटपणा आतच कोंडतो. सेलोटेपही नको. चार-पाच वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन अक्षरे घेऊन निघतो.

ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून पुन्हा असे झाले तर रजिस्टर उभे ठेवून पाने पंख्यासारखी मोकळी करा, मध्ये टीपकागद घाला आणि दर दोन-तीन तासांनी बदला. खोलीत पंखा चालू ठेवा. उन्हात मात्र वाळवायचे नाही. कागद आखडतो, शाई उडते. एकाच वेळी पन्नास रजिस्टरे भिजली आणि हात कमी असतील, तर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून गोठवून ठेवा आणि चार-चार बाहेर काढून वाळवा. बंदरावर मासळीचे शीतगृह असेल, तर हे अवघड नाही.

आता वाळून चिकटलेली पाने जोर लावून सोडवू नका. जुनी काळी शाई लोहयुक्त असते, अक्षराच्या रेषेतच कागद कुजलेला असतो आणि तिथूनच फाटतो. अशी पाने कागदसंवर्धकाकडे द्या. ठिपके म्हणजे बुरशी. तोंडाला मास्क लावून, शाळेच्या पडवीत, मऊ ब्रशने आतून बाहेर झटका. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी जात नाही.

खाऱ्या हवेचा खरा बळी म्हणजे टाचण्या. गंजून त्या भोवतीचा कागद खातात, म्हणून सगळ्या काढून सुती दोरा घाला. कपाट भिंतीपासून सहा इंच पुढे ओढा आणि सर्वांत खालचा कप्पा रिकामा ठेवा.

फोटो मात्र आत्ताच काढून घ्या. फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड, मोबाइल पानाला समांतर आणि एका चौकटीत एकच पान. फाइलच्या नावात रजिस्टर क्रमांक आणि पान क्रमांक घाला. ‘आयएमजी’ नावाचे हजार फोटो कोणाच्याच उपयोगाचे नाहीत.

प्रश्न : स्मरणिकेसाठी आलेल्या सगळ्या आठवणी एकसारख्या आहेत : छडी, घंटा, सर कडक होते. शाळेचे खरे रोजचे जगणे कसे दाखवायचे?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : हजेरीपट काढा. हजेरी सकाळ-दुपार अशी दोनदा असते. तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, येणाऱ्या गावांतल्या मुलांच्या खुणा तिथीशी लावून पाहा. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमाराला, म्हणजे अकराच्या शाळेला होडी थेट धक्क्याला लागते, पण साडेपाचला सुटताना चिखल. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराला सुकती (ओहोटी), आणि सकाळी मुले गुडघाभर चिखलातून येणार. खाडी आत किती शिरली आहे त्यावर वेळ थोडी मागे-पुढे होते. अष्टमीच्या आसपास पहिल्या सत्रात गैरहजेरी वाढलेली दिसली, तर दोन पाने त्यावरच लिहा. लावणीच्या दिवसांतली आणि शिमग्यातली हजेरीपटाची रिकामी घरे वेगळी काढा.

प्रश्न : जनरल रजिस्टरचे एखादे पान छापले तर चालेल?
— तेच वाचक

उत्तर : नावे, जात आणि जन्मतारीख झाकून. आणि मूळ रजिस्टर छापखान्यात न्यायचे नाही, फोटो न्या. एक पान गहाळ झाले, तर गावातल्या कुणाची तरी जात पडताळणी अडते.