स्ट्रोकनंतरचा विसर: घरची उजळणी आणि बँकेतली उलटतपासणी

ताई, तुमच्या वडिलांबद्दल वाचलं. स्ट्रोकनंतर हातपाय सावरले, पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, आणि पंचवीस वर्षांपूर्वीची बदली मात्र बारकाव्यांसकट सांगतात. वर बँक म्हणते सही जुळत नाही. आमच्या ह्यांचं अगदी असंच झालं होतं, म्हणून लिहायला बसले. बीपी, गोळ्या, फिजिओ तुम्ही बघतच असाल. मी डॉक्टर नाही, घरात जे पाहिलं तेवढंच सांगते.

येणाऱ्या-जाणाऱ्याला "ओळखलंत का मला?" असं विचारू देऊ नका. अंदाजाने चुकीचं नाव तोंडून गेलं की तेच डोक्यात पक्कं होतं, कारण आपण चुकलो होतो हे लक्षात राहत नाही. "दादा, मी धाकटी, नाशिकहून आले," असं आपणच आधी सांगायचं. मग त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचं, दोन मिनिटांनी पुन्हा, मग पाच, मग दहा. आम्हाला थेरपिस्टने हेच शिकवलं.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते बँकेच्या शाखेने. ह्यांची सही थरथरती झाली होती. काउंटरवर पैसे काढायच्या स्लिपा एकामागून एक भरायला लावल्या, मग अख्ख्या रांगेसमोर, "आजोबा, जन्मतारीख सांगा. खातं कधी उघडलंत?" घरी न अडखळता जन्मतारीख सांगणारा माणूस घामाने भिजला आणि गप्प झाला. पैसे उशिरा का होईना मिळाले, पण त्यानंतर हे उंबऱ्याबाहेर पडेनात. रोजच्या गोष्टी विसरू नयेत म्हणून ठेवलेल्या स्मरणवहीत लिहायचंही सोडलं. स्ट्रोकनंतरचे पहिले काही महिने सुधारणेला सगळ्यात मोलाचे, ते त्यात गेले. मला आजही तो प्रकार माफ करता येत नाही.

आणि याची काही गरजच नव्हती! आजारपणामुळे सही न करू शकणाऱ्या पेन्शनरला अंगठ्यावर पैसे द्यायची सोय रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये आहे. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. सत्तरीपुढच्यांना आणि आजारी, अपंग ग्राहकांना घरपोच सेवा द्या, असं 2017 च्या परिपत्रकात आहे. हयातीचा दाखलाही घरून घेता येतो. तोंडी बोलू नका. डॉक्टरांचं पत्र जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या.

मात्र वडिलांना व्यवहार समजत असेल तोवरच हे ठीक. समजत नसेल तर नुसत्या अंगठ्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा. मुखत्यारपत्रावरही (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) विसंबू नका, देणाऱ्याची समज गेली की ते चालत नाही. खात्याला आईचं नाव जोडता येत असेल तर आत्ताच जोडून घ्या.

स्मरणवही एकच ठेवा, पेन दोऱ्याने तिलाच बांधा. ह्यांनी गोळी घेतली की आम्ही त्यांच्याच हाताने वहीत खूण करून घ्यायचो, "घेतली का?" हा वादच मिटला. कालनिर्णयवर रोज सकाळी गेलेला दिवस लाल पेनाने खोडायचा.

अजून एक. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि ते विसराळूपणासारखंच दिसतं, त्यावर औषध आहे. दोन दिवसांत एकदम गोंधळ वाढला तर लघवीचा संसर्ग आणि रक्तातलं सोडियम तपासून घ्या. आणि तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूची ताकद गेली तर वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.