वाचकांचे प्रश्न : थांबलेली मोटर जागेवर का राहत नाही?

प्रश्न : वस्तूंचे सर्व बाजूंनी फोटो काढण्यासाठी मी फिरते टेबल बनवत आहे. त्याला ड्रोनची ९२० केव्हीची ब्रशलेस मोटर आणि सेन्सर नसलेला ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारे सर्किट) जोडला आहे. जास्त वेगाला मोटर उत्तम चालते, पण मिनिटाला दहा फेऱ्यांवर आणली की थरथरते आणि बंद पडते. थांबल्यावर टेबलही हलते. प्रोग्रॅममध्ये काय बदलावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोष प्रोग्रॅमचा नाही. रोटर (मोटरचा फिरता भाग) कुठे आहे हे आपल्या ड्रायव्हरला केवळ बॅक-ईएमएफवरून, म्हणजे फिरत्या चुंबकांमुळे वाइंडिंगमध्ये (तारेच्या वेढ्यांमध्ये) निर्माण होणाऱ्या व्होल्टेजवरून कळते, आणि ते वेगाच्या प्रमाणात असते. ९२० केव्ही (येथे किलोव्होल्ट अभिप्रेत नाही) म्हणजे मिनिटाला ९२० फेऱ्यांना एक व्होल्ट. त्या हिशेबाने दहा फेऱ्यांना जेमतेम ११ मिलिव्होल्ट मिळतात, जे ट्रान्झिस्टरांच्या चालू-बंद होण्याच्या गोंगाटात हरवून जातात. मोटर थांबली की तेही शून्य. म्हणूनच असे ड्रायव्हर सुरुवातीला रोटर एका जागी खेचून घेतात आणि मग अंदाजाने ढकलत वेग वाढवतात. काही बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचे) पंखे सुरू होताना क्षणभर उलटे सरकतात, ते यामुळेच.

ड्रायव्हरमधील ब्रेकचा पर्याय, म्हणजे मोटरच्या तारा एकमेकींना जोडणे, हाही येथे उपयोगाचा नाही. मोटर ड्रायव्हरपासून सोडवा, तिच्या तीनही तारा एकत्र पिळा आणि रोटर हाताने फिरवून पाहा : झटका दिला तर तो काकवीत अडकल्यासारखा जड लागेल, पण हलकेच रेटत राहिलात तर सरकत जाईल. हा विरोध वेगामुळेच निर्माण होत असल्याने एका बाजूला झुकलेले टेबल त्याला धरून ठेवता येत नाही.

दोन तारांमधून सतत प्रवाह सोडून रोटर धरता येतो खरा. मात्र ०.२ ओहमच्या वाइंडिंगमधून ५ अँपिअर सोडले तर ५ वॉट उष्णता होते आणि हाती येते सुमारे अर्धा किलो-सेंटिमीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). ड्रोनवर मोटरला पात्याचा वारा लागतो, टेबलाखाली तो नसतो. शिवाय ही पकड स्प्रिंगसारखी असते. आपल्या मोटरमध्ये १४ चुंबके, म्हणजे सात जोड्या असतील, तर भाराने रोटर सुमारे १३ अंशांपलीकडे ढकलला गेला की पकड कमी होत जाते आणि तो शेजारच्या जोडीवर जाऊन बसतो. ड्रायव्हरला याचा पत्ताही लागत नाही.

ही मोटर ठेवायचीच असेल, तर शंभरास एक प्रमाणाचा वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवणारा) लावावा. टेबल दहा फेऱ्यांनी फिरताना मोटर हजार फेऱ्यांनी फिरेल आणि बॅक-ईएमएफ एक व्होल्टच्या वर जाईल. एवढ्या प्रमाणाचा वर्म गिअर सहसा उलटा फिरत नाही, त्यामुळे वीज बंद केली तरी टेबल जागेवर राहील. अचूक कोनावर थांबायचे असल्यास टेबलाच्या दांड्यावर एएस५६०० सारखा चुंबकीय सेन्सर बसवावा. तो एका फेरीचे ४०९६ भाग मोजतो. गिअरचा आवाज नको असेल, तर हाच सेन्सर, गिंबलची (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेची) जास्त वेढ्यांची मोटर आणि एफओसी ड्रायव्हर (रोटरच्या कोनानुसार प्रवाह सोडणारा) असा संच घ्यावा लागेल. तो महाग पडतो, आणि फोटोच्या टेबलासाठी मी तरी तो घेणार नाही. साधी स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी) या कामाला पुरते.