चेक ताटात काय घ्यावं, काय विचारून घ्यावं : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : प्रागमध्ये दोनच दिवस आहोत. एकच पारंपरिक पदार्थ खायचा तर कोणता? गोमांस चालतं.

‘स्विच्कोवा ना स्मेतान्ये’. गाजर, सेलरीचा कंद, पार्सलीचं मूळ आणि कांदा यांत ऑलस्पाइस, मिरी, तमालपत्र घालून गोमांस मंद शिजवतात. मग त्याच भाज्या वाटून, क्रीम घालून सॉस करतात. वर लिंबाची चकती, लिंगनबेरीचा मुरंबा आणि फेटलेल्या क्रीमचा गोळा. गोड, आंबट आणि मांसाचा रस एकत्र पाहून आपण बिचकतो, पण तिघांचा थोडा थोडा भाग एकाच घासात घ्यायचा असतो. वेगवेगळं चाखलंत तर पदार्थ कळणारच नाही. नावाचा अर्थ मांसाचा एक विशिष्ट मऊ तुकडा असला, तरी खाणावळीत बहुधा मागच्या पायाचं मांस वापरतात. ती फसवणूक नव्हे. फसवणूक सॉसमध्ये होते : दाटपणा भाज्यांचा हवा, पिठाचा नको. चमच्यावरून खळीसारखा चिकट ओघळ आला तर भाज्या कमी पडल्या असं समजा.

सोबत येणाऱ्या पांढऱ्या चकत्या म्हणजे ‘क्नेडलीकी’, पावाचे तुकडे घालून उकडलेली कणीक. त्या नुसत्या खायच्या नसतात, सॉस टिपायला असतात.

आणि जा दुपारीच. कामाच्या दिवशी साधारण 11 ते 2 या वेळात ‘पोलेद्नी मेन्यू’ असतो. सूप आणि मुख्य पदार्थ रोज बदलतात, ताजे असतात आणि रात्रीपेक्षा स्वस्त पडतात. दीडनंतर गेलात तर चांगले पदार्थ संपलेले असतात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, आई अंडंही खात नाही. काय मागवावं?

मेन्यूत ‘बेझमासा यीद्ला’, म्हणजे बिनमांसाचे पदार्थ, असा विभाग असतो. पण तेवढ्यावर विसंबू नका. बटाट्याचं ‘ब्राम्बोराक’ हे लसूण आणि मार्जोरम घातलेलं थालीपीठच म्हणा ना, पण ते डुकराच्या चरबीत तळलेलं असू शकतं. लसणाचं सूप ‘चेस्नेच्का’ बऱ्याचदा मांसाच्या रश्शावर करतात. तेव्हा तीन शब्द पाठ करा : ‘साद्लो’ (चरबी), ‘विवार’ (रस्सा), ‘स्लानिना’ (खारवलेलं डुकराचं मांस). ‘ये फ तोम साद्लो?’ म्हणजे ‘यात चरबी आहे का?’

मेन्यूतल्या पदार्थांपुढे 1, 3, 7 असे आकडे दिसतील. ते अ‍ॅलर्जीचे. 1 ग्लूटेनयुक्त धान्यं, 3 अंडं, 7 दूध, 9 सेलरी. आईसाठी 3 हा आकडा बघायचा. मात्र डुकराच्या चरबीला आकडाच नाही, ती विचारावीच लागते. सगळ्यांच्या तोंडी असलेलं तळलेलं चीज, ‘स्माझेनी सीर’, आईला चालणार नाही, कारण मैदा, अंडं आणि पावाचा चुरा असे तीन थर असतात. तुम्ही खाणार असाल तर तळणीच्या तेलात आधी मांसाचे कटलेट गेले असतील हे धरून चाला.

आईसाठी दोन नावं : ‘कुबा’, म्हणजे सातू आणि सुक्या मशरूमचा भाजलेला पदार्थ, मूळचा नाताळच्या आदल्या दिवसाचा. आणि ‘श्कुबान्की’, म्हणजे उकडलेले बटाटे आणि पीठ वाफवून घोटलेले गोळे, वर वाटलेली खसखस आणि साखर. दोन्हींत परंपरेने अंडं नसतं. ‘स मास्लेम’, म्हणजे लोण्यासोबत, असं सांगा, नाहीतर वर चरबी ओततात. ही खसखस निळसर असते आणि विकत घ्यावीशी वाटेल. पण परतीचा प्रवास दुबईमार्गे असेल तर घेऊ नका, अमिरातीत खसखशीवर बंदी आहे.

प्रश्न : घरी क्नेडलीक केला. बाहेर काढताच सुरकुतला आणि आतून गिच्च झाला. काय चुकलं?

दोन चुका असाव्यात. पहिली पिठाची. तिथे भरड पीठ वापरतात. नुसता मैदा मळला की चिवट होतो. 350 ग्रॅम मैदा आणि 150 ग्रॅम बारीक रवा घ्या. त्यात 1 अंडं, 7 ग्रॅम कोरडं यीस्ट, चमचाभर मीठ, अर्धा चमचा साखर. कोमट दूध साधारण 250 मिली, पण सगळं एकदम नको, रवा सावकाश पाणी पितो. तासाभरात पीठ दुप्पट झालं की शिळ्या पावाचे 100 ग्रॅम तुकडे मिसळा. 6-7 सेंटीमीटर जाडीचे दोन-तीन रोल करून आणखी 20 मिनिटं ठेवा. रुंद भांड्यात मिठाचं पाणी उकळवून, झाकण ठेवून एका बाजूने 10, उलटून 10 मिनिटं शिजवा.

दुसरी चूक काढल्यानंतरची, आणि सुरकुत्या बहुधा तिच्यामुळेच. रोल पाण्यातून काढताक्षणी काट्याने चार-पाच ठिकाणी टोचायचा. कोंडलेली वाफ आत थंड होऊन पाणी झाली की तो बसतो आणि मधोमध गिच्च होतो. कापताना सुरी नको, दोरा खालून घालून वर फास आवळा. सुरीने चकती दबते. उरलेल्या चकत्या इडलीपात्रात 3-4 मिनिटं वाफवा.

प्रश्न : ट्रदेलनीक हा प्रागचा जुना पदार्थ ना?

ट्रदेलनीक म्हणजे दांड्यावर गुंडाळून भाजलेली, साखर लावलेली गोड पोकळ नळी. पाटीवर ‘जुना चेक’ असं लिहिलेलं असतं खरं, पण हा प्रकार स्लोव्हाकियातल्या स्कालित्साचा. तिथल्या ट्रदेलनीकला 2007 मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. आत आइस्क्रीम भरणं ही पर्यटकांसाठीची सोय. गरम असताना खायला वाईट नाही, इतकंच. खरंच चेक गोड हवं तर ‘कोलाच’ घ्या, खसखस, दह्याच्या चक्क्यासारखं चीज किंवा आलुबुखारचा मुरंबा भरलेला.

प्रश्न : बीअरवर 10, 12 असे आकडे असतात. इतकं अल्कोहोल?

नाही. आंबवण्याआधीच्या धान्याच्या अर्कात किती टक्के विरघळलेला ऐवज, मुख्यतः साखर, होता हे त्या आकड्यांवरून कळतं. 10 म्हणजे अल्कोहोल साधारण 4 टक्के, 12 म्हणजे 5. जुन्या धाटणीच्या ‘होस्पोदा’त, म्हणजे बीअरच्या खाणावळीत, पेला रिकामा होताच न मागता दुसरा येतो. नको असेल तर पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवा. फेस जास्त वाटला तरी परत करू नका, तो मुद्दाम ठेवलेला असतो. गाडी चालवणार असाल तर थेंबही नको, तिथे मर्यादा शून्य आहे.