आधी माणसं मोज, मग हॉल बघ

बहिणीचं रिसेप्शन सांगलीतच आणि खर्च आटोक्यात ठेवायचाय, तर घाबरू नकोस, जमतंय. सुरुवातीला एवढंच बघ:

१. पहिल्यांदा यादी. नवखे लोक आधी कार्यालय ठरवतात आणि मग ते भरायला पाहुणे शोधतात! पत्रिका मोजू नकोस, माणसं मोज. एका पत्रिकेवर गावाकडनं चौघं येतात.

२. रिसेप्शनला मुहूर्त लागत नाही. लग्नतिथी सोडून मधला वार घे, भाड्यात घासाघीस करता येते. लाईट बिल, जनरेटर, साफसफाई, भांडी भाड्यात धरलीत का, ते लिहून घे. आम्ही विचारलंच नाही, शेवटच्या दिवशी भुर्दंड बसला.

३. जेवण. पैसा इथंच जातो. केटररला ताटांचा आकडा थोडा कमीच सांग. वरची ताटं लागली तर कुठल्या दरानं, तेही आधीच ठरव. मसालेभात, कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी, जिलेबी, मठ्ठा, बास. चाट-पास्त्याचे काउंटर मामा सुचवतीलच. हसून मान डोलाव आणि विसरून जा.

डेकोरेशन, फोटोवाला नंतर बघू. यादी झाली की आकडा सांग.